जबड्यावरचा पंजा

एका जंगलात, बाळांनो, तळे आटत चालले होते आणि समित्या मात्र दुथडी भरून वाहत होत्या.

त्या तळ्याकाठी टिबकी नावाची पाणकोंबडी राहायची. तिची तीन पिल्ले नुकतीच अंड्यातून बाहेर आली होती. पाणी चारच दिवस पुरणार, हे तिला दिसत होते. ती समितीचे अध्यक्ष हुपाजीराव वानर यांच्याकडे गेली.

"साहेब, तळ्यात गाळ साचलाय. काढायला हवा."

"असं एकदम काढायचं नसतं, बाई," हुपाजीराव म्हणाले. "पलीकडच्या जंगलात तळं भरलेलं आहे. आधी तिथून शिकून येऊ."

समिती अभ्यासदौऱ्यावर गेली. तिथे पन्नास रेडे पहाटेपासून गाळ उपसायचे. पण समिती पोहोचली जेवणाच्या वेळी. रेडे झोपले होते. काठावर तिथले प्रमुख अस्वल एकटेच बसले होते. दाढ ठणकत होती, म्हणून त्यांनी एक पंजा जबड्यावर दाबून धरला होता.

समितीने ते बारकाईने टिपून घेतले.

परतल्यावर हुकूम निघाला. प्रत्येकाने एक पंजा जबड्यावर ठेवावा. पंजा नसेल त्याने खूर ठेवावा. हरणे तीन पायांवर लंगडू लागली. सापाने रीतसर अर्ज केला, त्याला शेपटीची सवलत मिळाली. आता गाळ काढायला कुणाला सवडच उरली नाही.

टिबकीला संताप आला, रडूही आले. पण तिचे पाय मोकळे होते. हुकूम मोडला तर तळ्यावरून हाकलतील, म्हणून एक पंख चोचीवर ठेवून ती पायांनी गाळ उकरू लागली. तिसऱ्या दिवशी खड्ड्यात ओंजळभर पाणी झिरपले. पिल्ले पोटभर प्यायली.

समिती धावत आली.

"उकरून आलं, साहेब," टिबकी म्हणाली. "सगळ्यांनी उकरलं तर तळं भरेल."

हुपाजीराव तिच्या पंखाकडे बघत होते.

"एका पंखात एवढं पाणी," ते सचिवांना म्हणाले. "लिहून घ्या. उद्यापासून सगळ्यांनी दोन्ही."

दुसऱ्या दिवशी सगळी हरणे तोंडावर आपटली. त्यातली चार खड्ड्यात पडली आणि खड्डा बुजला.

टिबकीने पिल्ले पुढे घातली आणि पलीकडच्या जंगलाची वाट धरली. तिथल्या तळ्यातही आता गाळ साचू लागला होता. काठावर पन्नास रेडे पुढचे दोन्ही खूर जबड्याला लावून आडवे पडले होते. त्यांची समिती कालच टिबकीच्या जंगलाचा अभ्यास करून परतली होती.

तात्पर्य: दुसऱ्याचे पाहून अवश्य शिकावे. मात्र तो काम करत असताना जाऊन त्याला त्रास देऊ नये.