आप्पासाहेबांचे बर्गरभक्षण

श्रीअन्नपूर्णा प्रसन्न. भूक जागती असो, जिव्हा सावध असो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, वैशाख मासी कोणे एके राज्याचे धनी राजश्री आप्पासाहेब सहकुटुंब समुद्रदर्शनास निघाले. समागमे थोरल्या बाईसाहेब, सारथ्यास चिरंजीव हेमंतराव, आणि नूतन सूनबाई ऋजुताबाई, ज्यांची हळद अजून उतरली नव्हती. मग महामार्गी मध्यान्ह जाहली आणि सूनबाईंनी अर्ज केला जे, "आज जेवण माझ्याकडून. बर्गर खाऊ या." आप्पासाहेबांनी तो पदार्थ जन्मात चाखिला नव्हता, परंतु सूनबाईंचे पहिले यजमानपण मोडवेना, सबब रुकार दिला. आणि सूनबाईंस घोर लागला, कारण सासरे तृप्त उठले तर मान राहील, न उठले तर पहिल्याच पंगतीस फजिती.

मग काचेचे महालात डेरा पडला, आणि सूनबाई जातीने तबके घेऊन आल्या, आणि आप्पासाहेबांनी बर्गर दोहो हाती धरोन चावा घेतला तो चटणी मिशांस लागली, परंतु चव पसंत पडली. हां हां म्हणता फस्त केला. सूनबाईंनी पुसिले, "आप्पा, अजून एक मागवू?" आप्पासाहेब म्हणाले, "छे छे, नको, पोट भरलं." सूनबाई "बरं" म्हणोन स्वस्थ बैसल्या.

येथेच घात जाहला. त्या घराण्याची रीत ऐसी जे, पहिले 'नको' शिष्टाचाराचे, दुसरे लटके, आणि तिसऱ्या आग्रहास मान तुकवावयाची. सूनबाईंचे माहेरी नको म्हणजे नको. मग आप्पासाहेब बर्गरच्या रिकाम्या कागदाकडे पाहत बैसले आणि बाईसाहेबांस हळूच म्हणाले, "पोरगी एकदाच विचारून मोकळी झाली की हो." बाईसाहेब म्हणाल्या, "मग सांगा ना तोंडाने!" आप्पासाहेब म्हणाले, "मागून खाऊ? मी?" आणि रागे हात धुवावयास उठले.

तो मार्गी गल्ल्यावरील मुलगी बोलिली, "सर, काही देऊ?" म्हणाले, "नको." ती म्हणाली, "चीजवाला घेऊन बघा ना सर." म्हणाले, "नको हो." ती म्हणाली, "सोबत फ्राइज देते. घ्या ना!" आप्पासाहेब गहिवरले. "आता तुम्ही इतकं म्हणताय तर," म्हणोन दोन्ही घेतले. ती मुलगी हरेकास हेच पुसत असे, कंपनीचा हुकूमच तैसा. परंतु हे त्यांस सांगावयाची आमची छाती जाहली नाही.

मग भरले तबक घेऊन आले आणि म्हणाले, "काय माणसं आहेत! जेवू घालावं तर यांनी." सूनबाईंचा चेहरा पडला. तेव्हा बाईसाहेबांनी घराण्याची रीत त्यांचे कानी सांगितली, आणि सूनबाई आधी लाजल्या, मग हसल्या, मग तडक जाऊन आइस्क्रीम आणोन सासऱ्यांपुढे ठेविते जाहल्या. आप्पासाहेब म्हणाले, "नको गं, खरंच नको." आणि या वेळी ते खरेच सांगत होते. सूनबाई म्हणाल्या, "ते काही चालायचं नाही. घ्या, नाहीतर मी रुसेन."

आप्पासाहेबांनी पट्टा सैल केला आणि चमचा उचलिला, आणि बाईसाहेबांस म्हणाले, "आता झाली पोरगी आपली."

एवंच पंगत फत्ते जाहली, सूनबाईंचा मान राहिला, सर्वत्र आनंद जाहला. समुद्र सायंकाळी आला, तो आप्पासाहेबांनी गाडीतच घोरत पाहिला. जैसे घडले तैसे लिहिले.