बस्त्यावकाकांचा प्लेअर

आमच्या शेजारचे बस्त्यावकाका ब्राउझरमध्ये काहीही ऐकत नाहीत. लिंक ब्राउझरमध्ये दाबायची, पण आवाज वेगळ्या प्लेअरमधूनच आला पाहिजे, हा त्यांचा नेम. "ब्राउझर खिडकी हाय, भोंगा न्हाय," असं ते सांगतात. आयुष्यभर मच्छीमार बोटींची इंजिनं दुरुस्त केल्यामुळे एका इंजिनावर दोन कामं लादलेली त्यांना खपत नाहीत.

मी कुरिअर कंपनीत हिशेब बघतो. पण खांद्याला लॅपटॉपची बॅग असते, एवढ्यावर काकांनी मला 'इंजिनेर' करून टाकलंय. ब्राउझर अपडेट झाला की प्लेअरला विसरतो आणि स्वतःच वाजायला लागतो. मग काका उघडा लॅपटॉप ताटासारखा दोन्ही हातांवर धरून येतात आणि कोपराने माझी बेल दाबतात. मी निमूट सेटिंग शोधतो. पुढच्या अपडेटला पुन्हा तेच. आता तर बेलच्या आवाजावरून मला कळतं, की गेला आपला रविवार.

काका-काकू मूळचे समुद्रकाठच्या पाली गावचे. काकूंचे गुडघे गेले, जिने चढणं जमेना, म्हणून दोघं आमच्या लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये, भाईंदरला आले. पालीच्या चर्चमधली मिस्सा, म्हणजे रविवारची सामूहिक प्रार्थना, ऑनलाइन येते. ती काकूंना ऐकवायची, यासाठी हा सगळा खटाटोप.

परवाच्या रविवारी पुन्हा बेल वाजली. आठवडाभराच्या कामाने माझं डोकं उठलं होतं. त्यांच्या घरी गेलो, मिस्सा सरळ ब्राउझरमध्ये लावली, आवाज शेवटपर्यंत वाढवला आणि म्हटलं, "काका, वाजतेय ना? मग झालं तर."

काका नुसते आतल्या खोलीकडे बघत राहिले. दार उघडंच होतं.

थोड्या वेळाने आतून काकूंनी विचारलं, "आज मिस्सा न्हाय काय?"

मी लॅपटॉपकडे बघितलं. फादरांचा आवाज घरभर घुमत होता.

काका माझ्याशेजारी बसले. हळू आवाजात म्हणाले, "ब्राउझरचा आवाज शंभरावर थांबतो. प्लेअर त्याच्या वर जातो. मी दर महिन्याला थोडा थोडा वाढवतो. तिला अजून कळलं न्हाय."

कानाच्या मशीनचं का बघत नाही, असं मी विचारलं. काका म्हणाले, काकूंची आई अशीच बहिरी झाली होती. मग घरातलं कोणी तिच्याशी बोलेनासं झालं. काकूंना फार भीती आहे त्याची. मशीनचं बोलायचं आहेच, पण अजून तोंड उघडत नाही.

मी सेटिंग बदललं. प्लेअर उघडला. काकांनी त्यातला आवाज शंभराच्या पुढे नेला, आणखी पुढे नेला. भिंती थरथरल्यासारख्या वाटल्या. चर्चमधल्या पोरांचं गाणं सुरू झालं, तशा आत काकूही गायला लागल्या. ओळ एक, चाल दुसरीच.

मध्येच थांबून त्या म्हणाल्या, "आज पोरं बरी गातात."

काका उठले. दारात, काकूंना आपला चेहरा नीट दिसेल असे उभे राहिले आणि एकेक शब्द सावकाश म्हणाले, "हां. बरी गातात."