नाभीपासून डावीकडे चार बोटे

चर्रर्र!

दुपारी अडीचच्या निजानिजेत पोटाच्या पट्ट्याचा वेल्क्रो सुटला आणि म्हैसुरातल्या हिनकलच्या त्या दोन खोल्यांतली शांतता मधोमध फाटली. तारा श्वास रोखून पडून राहिली. शेजारी चार वर्षांची अवनी कुशीवर वळली, ओठांनी हवेत काहीतरी चोखलं आणि पुन्हा झोपली. ताराच्या पोटाबद्दल ज्याला काहीही मत नाही, असं या घरात सध्या एवढंच एक माणूस होतं, तेही झोपेत असेपर्यंत.

शस्त्रक्रियेला सतरा दिवस झाले होते. एका कमरेच्या हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत टाके. गुडघ्याखाली उशी घेऊन निजायचं, उठलं की काटकोनात वाकून चालायचं, खोकला आला तर पोटाशी उशी दाबायची, आणि हसायचं तर नाहीच. बेचाळीस दिवस विश्रांती. तीन किलोंवर काही उचलायचं नाही. अवनी सोळा किलोंची. ती रोज संध्याकाळी दोन्ही हात वर करून पलंगाशी उभी राहायची, तारा तिच्या केसांतून हात फिरवायची आणि म्हणायची, "बेचाळिसाव्या दिवशी, राणी. घट्ट कडेवर. अख्ख्या गल्लीतून फिरवीन." मग अवनी बोटं मोजायची, वीसनंतर सरळ चाळीस म्हणायची आणि आनंदात निघून जायची.

हे ऑपरेशन कशासाठी, हे सांगणं भाग आहे, कारण पुढे ते कार्यालयालाही सांगावं लागलं. तारा जाड होती. साताऱ्याहून लग्न होऊन म्हैसूरला आल्यापासून तिला दोन भाषांतून सल्ले मिळत होते. मग तिने दोन वर्षं मान मोडून वजन उतरवलं. चरबी गेली. कातडीला मात्र नोटीस मिळाली नसावी. ती जागेवरच बसून राहिली. पोटावरून तिची घडी मांड्यांवर लोंबू लागली. घडीत घाम, घामात पुरळ, पुरळाच्या जखमा, जखमांवर पावडर. दोन उन्हाळे असे काढल्यावर सर्जननी तिची पावणेतीन किलो कातडी काढून टाकली.

समाजाचा प्रतिसाद सुसंगत होता. जाड असताना लोक म्हणाले, "मनावर घे जरा." बारीक झाल्यावर म्हणाले, "फार उतरलीस गं, सगळ्या टेस्ट करून घेतल्यास ना?" आणि ऑपरेशननंतर सगळ्यांचं एकमत झालं की हे चोचले आहेत. सासऱ्यांचे चुलतभाऊ येसाजीराव पाहायला आले ते किलोभर तुपाळ म्हैसूरपाक घेऊन. "खा पोरी," ते म्हणाले, "तोंड बघ केवढंसं झालंय. आणि हो, परत सुटू नकोस."

तारा म्हैसूरच्या नजरबाद भागातल्या रेशीमकोश गणना मंडळात वरिष्ठ साहाय्यक होती. रेशमाच्या किड्याने कितव्यांदा कात टाकली, याची नोंद तालुकावार ठेवणं हे तिचं काम. किडा कोष विणण्याआधी चार वेळा कात टाकतो. प्रत्येक कातीला मंडळात स्वतंत्र रकाना आहे आणि शेवटच्या रकान्याचं शीर्षक आहे 'समाधानकारक प्रगती'.

बेचाळीस दिवसांच्या वैद्यकीय रजेचा अर्ज नवऱ्याने, उपेंद्रने, आस्थापना शाखेत नेऊन दिला. आस्थापना अधीक्षक मंजुनाथ हे सज्जन गृहस्थ. नियमाबाहेर पाऊल टाकत नसत आणि नियमाच्या आतही सावकाशच चालत. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला. हे संभाषण कन्नडमध्ये झालं. मराठीत त्यातला आदर थोडा कमी होतो.

"यादीत एकसष्ट आजार आहेत, सर. त्वचेवर काही येणं आहे. त्वचा जाणं नाही."

"पण जखमा व्हायच्या तिला. डॉक्टरांनी लिहिलंय."

"जखमांना रजा आहे. त्या बऱ्या झाल्यावर काय उरतं? सौंदर्य. सौंदर्याला रजा नाही. उद्या सगळेच मागतील."

सहाव्या दिवशी पहिलं पत्र आलं. शस्त्रक्रियेमुळे अर्जदार पूर्वीपेक्षा बरी दिसत नसल्याबाबत तज्ज्ञाचा दाखला सादर करावा. दाखल्यावर पतीची साक्षीदार म्हणून सही असावी. सर्जननी निमूट लिहून दिलं: 'रुग्ण वाकून चालते, चेहरा ओढलेला आहे, सबब सुधारणा दिसत नाही.' उपेंद्रने पेन हातात घेतलं आणि बायकोकडे पाहिलं.

"तारा, ही सही तू पुढे कधी भांडणात उकरून काढणार नाहीस ना?"

"कर तू. आपल्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला फ्रेम करून लावू."

ती हसली. टाके कळवळले.

दाखल्याने सौंदर्याचा प्रश्न मिटला. पण दाखला लावायला सेवापुस्तक उघडावं लागलं, आणि सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर कर्मचाऱ्याची कायमस्वरूपी ओळखखूण असते. नोकरीला लागताना ताराच्या तोंडाहातावर लिहिण्यासारखं काही सापडलं नव्हतं. तेव्हाच्या तपासणीतल्या डॉक्टरीणबाईंनी पुष्कळ शोधून रकाना भरला होता: 'काळा तीळ, नाभीपासून डावीकडे चार बोटे.' मंजुनाथांनी ते वाचलं, रजेचा अर्ज वाचला, आणि त्यांच्या लक्षात आलं की अर्जदाराने सरकारी नोंदीतली खूण परवानगीशिवाय काढून टाकलेली आहे.

अकराव्या दिवशी दुसरं पत्र: तीळ पडताळणीसाठी सादर करावा.

उपेंद्र रुग्णालयात गेला. काढलेली कातडी नियमानुसार जाळली होती. जाळण्याआधीचा तपासणी अहवाल मिळाला. त्यात वजन होतं, लांबी-रुंदी होती, 'त्वचा व चरबी' असं लिहिलं होतं. तिळाचा उल्लेख नव्हता.

"म्हणजे तीळ काढलेला नाही," मंजुनाथ म्हणाले. "मग तो अंगावर असायला हवा."

"अंगावर नाही."

"तर मग तो आधीपासूनच नव्हता. म्हणजे नोकरीला लागलेल्या बाई वेगळ्या."

उपेंद्रने सर्जनना फोन लावून तो मंजुनाथांच्या हातात दिला. सर्जन प्रामाणिक होते. सगळा घोळ तिथेच झाला. ते म्हणाले, पोटाची वरची कातडी खाली ओढून घेतात आणि नाभीसाठी तिच्यात नवं भोक पाडतात. सांगायचं म्हणजे, आता नाभीच्या डावीकडे चार बोटांवर जी कातडी आहे, ती पूर्वी बरीच वर होती.

मंजुनाथांनी फोन हलकेच टेबलावर ठेवला. त्यांच्या तेवीस वर्षांच्या सेवेत जागा सोडून गेलेले कर्मचारी पुष्कळ झाले होते. नाभीची बदली पहिलीच.

तिसरं पत्र आज, सतराव्या दिवशी सकाळी आलं होतं आणि ते उशीखालून काढायला ताराने हात लांबवला, तेव्हा तो वेल्क्रो सुटला. पत्र असं होतं: श्रीमती तारा या दिनांक अमुकपासून विनापरवाना गैरहजर आहेत. हिनकल येथे सदर नावाने विश्रांती घेत असलेल्या महिलेने सोमवारी सकाळी अकरा वाजता जातीने हजर राहून आपण त्याच असल्याचे सिद्ध करावे. अन्यथा रजा नामंजूर, आणि सेवासमाप्तीची कार्यवाही.

"बेडा," संध्याकाळी पत्र ऐकून सासूबाई म्हणाल्या. भागीरथीबाईंचं घराणं म्हैसूरच्या जुन्या पलटणीतलं. नको म्हणायचं झालं की त्या कन्नडमध्येच म्हणत, म्हणजे पुढे चर्चा राहत नसे. "नको जायला. टाके ओले आहेत अजून."

"अत्ते, नाही गेले तर नोकरी जाईल." सासूला ती इथल्या चालीने अत्ते म्हणायची. "आणि तीळ होता हे सांगणार कोण? यांची साक्ष चालत नाही म्हणे. नवरा हितसंबंधी असतो."

"मी सांगते ना! अवनीच्या बाळंतपणात चाळीस दिवस तेल चोळून न्हाऊ घातलंय मी तुला. तुझ्या अंगावरचा तीळन्‌तीळ मला पाठ आहे. तुझा नवरा काय सांगणार, त्याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत."

सोमवारी, विसाव्या दिवशी, तिघी रिक्षाने नजरबादला गेल्या. अवनीला ठेवायला घरी कोणी नव्हतं. आस्थापना शाखा दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट होती, पण ती फायलींसाठी राखीव होती. माणसांच्या वजनाने तिला त्रास होतो, असं दारावर लिहिलं होतं. तारा एक हात कठड्यावर आणि एक पोटावर ठेवून, वाकलेली, एकेक पायरी चढली. अवनी प्रत्येक पायरीला मागे वळून म्हणत होती, "शाब्बास, आई."

मंजुनाथांनी ओळखपत्र तिच्या चेहऱ्याशेजारी धरलं. "यात बाई ताठ आहेत," ते खेदाने म्हणाले. "आणि भरलेल्या आहेत."

"सर, मी अकरा वर्षं तुमच्या समोरच्या टेबलावर बसते. गेल्या महिन्यात तुमच्या मुलीच्या साखरपुड्याला जेवून आले."

"मी ओळखतो हो तुम्हाला, मॅडम. प्रश्न माझा नाही. कागद ओळखत नाही."

भागीरथीबाईंची साक्ष झाली. तिळाचा रंग, आकार, तेल लावताना बोटाला कसा लागायचा, सगळं त्यांनी सांगितलं आणि शिपाई लाजून बाहेर गेला. जबाबाखाली सही करताना त्यांचा पारा चढला. "अय्यो सामी, तुमच्या किड्यानं कात टाकली की वहीत प्रगती लिहिता. बाईनं टाकली की गैरहजर?"

"किडा रजा मागत नाही, अम्मा," मंजुनाथ म्हणाले.

प्रत्यक्ष पाहणी मर्यादेत व्हावी म्हणून महिला उपसमिती नेमली होती: लेखा शाखेतली सुमा आणि आवक-जावक सांभाळणारी सौम्या. दोघींनी रजेच्या अर्जावर आधीच शेरा मारलेला होता, 'ही फॅशन वेळीच रोखावी'. अभिलेख खोलीचं दार लावलं. रॅकमध्ये गतवर्षीच्या कातींची रजिस्टरं होती. ताराने पट्टा सोडला. अवनी आजीचा पदर धरून बघत होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाल रेघ होती. रेघेच्या डाव्या टोकाशी, दोन मजल्यांच्या चढणीने, ओलसर डाग दिसू लागला होता.

सुमाने टेप लावून नाभीपासून डावीकडे चार बोटं मोजली आणि 'तीळ आढळला नाही' असं लिहिलं. मग दाराकडे एकदा पाहून तिने आवाज खाली आणला.

"तारा, डॉक्टर कोण गं?"

"दंडाचं पण करतात का?" सौम्या म्हणाली. तिने बाही वर केलीच होती. "बघ ना हे. किती दिवस झोपावं लागतं? खरं सांग."

"बेचाळीस," तारा पट्टा आवळत म्हणाली. "मिळाले तर."

"आमचं जाऊ दे, आमची वयं झाली." सुमा वाकली आणि तिने अवनीच्या फ्रॉकवरून, पोटाचा गुबगुबीत भाग चिमटीत धरून प्रेमाने हलवला. "ही बघ, डिट्टो आई. आत्तापासून लक्ष ठेव हं, नाहीतर हिचं पण हेच."

उपसमितीचा अहवाल अनुकूल आला. तीळ नाही, पण महिला ओळखीची वाटते. मंजुनाथांनी सेवापुस्तकात तीळ खोडला आणि नवी खूण लिहिली: 'व्रण, आडवा, एकोणपन्नास सेंटिमीटर, दर वर्षी पडताळणी आवश्यक.' मग त्यांनी रजा मंजूर केली, पूर्ण बेचाळीस दिवस, आणि शिक्का मारला. तारा रडायच्या बेतात आली.

"थांबा, मॅडम." त्यांनी दुसरा कागद ओढला. "रजा मंजूर झाली. पण आज तुम्ही रजेवर असताना जातीने आलात. दोन मजले चढलात. दोन साक्षीदारांसमोर उभ्या राहिलात. नियम चौदा: रजेच्या काळात कर्मचारी कार्यालयात येण्यास सक्षम आढळल्यास उर्वरित रजा आपोआप संपते."

"मला तुम्हीच बोलावलं, सर!"

"होय. आणि तुम्ही येऊ शकलात." ते खरोखरच हळहळले. "आला नसतात, तर गोष्ट वेगळी होती. मग तुम्ही गैरहजर ठरला असता." माणुसकी म्हणून त्यांनी आजचा दिवस सोडला. उद्या सकाळी दहाला हजर.

एव्हाना वाचकांपैकी पुष्कळांच्या मनात एक साधी शंका असेल, की ताराचं आधी वजन नेमकं होतं तरी किती, आणि आता किती आहे. कथेत आकडा मुद्दामच दिलेला नाही. ज्यांना तो कळल्यावाचून चैन पडत नाही, त्यांनी उपसमितीकडे अर्ज करावा. एक जागा रिकामी आहे.

परतीच्या रिक्षात भागीरथीबाई सगळ्या मंडळाला कन्नडमधून शिव्या घालत होत्या. तारा डाव्या बाजूला हात दाबून, डोळे मिटून बसली होती. हाताखाली पट्टा दमट लागत होता. बेचाळिसाव्या दिवसाचं पोरीला आता काय सांगायचं, याचं वाक्य ती मनात जुळवत होती.

ताराने डोळे उघडले, तेव्हा शेजारी अवनी फ्रॉक वर करून स्वतःच्या पोटाची कातडी दोन्ही हातांच्या चिमट्यांत धरून, ओढून, नीट निरखून पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. शाळेत कधी घालायचं ठरलंय, असं विचारताना असायची तेवढीच उत्सुकता होती.

"आई," ती म्हणाली, "माझं कधी काढायचं?"