मागच्या सीटवरचे गुलाबकाका

खामगावातल्या कुठल्याही मोटारसायकलच्या शोरूममध्ये जाऊन गुलाबकाकांचं नाव काढा. तिथला सेल्समन आधी हसेल आणि मग चहा प्यायच्या निमित्ताने बाहेर सटकेल. कारण काका गाडी बघायला येतात तेव्हा हँडलकडे ढुंकूनही पाहत नाहीत. तलवारकट मिशा, पांढरा पायजमा, खांद्यावर दुपट्टा असा हा पासष्टीचा गडी थेट मागच्या सीटकडे जातो, दोन्ही पाय एका बाजूला सोडून साडीतल्या बाईसारखा आडवा बसतो, मांडीवर पिशवी घेतो, दुपट्टा डोक्यावरून ओढून हनुवटीखाली धरतो आणि सेल्समनला फर्मावतो, "हं, चालव आता. गिट्टीवरून घे."

पिशवीत ज्वारी असते. एका सेल्समनने धीर करून विचारलं, की काका, हे ओझं कशाला? काकांनी त्याच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "रिकाम्या हातानं कोनी कोनाच्या घरी जाते काय बे?"

इतक्या गाड्यांवर बसूनही त्यांनी एकही विकत घेतलेली नाही. तरी शोरूमवाले त्यांना हाकलत नाहीत, कारण काका आले की गर्दी जमते.

काका आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी. सगळी नोकरी जिनिंगमध्ये, कापूस तोलायच्या काट्यावर गेली. यंत्रांच्या घरघरीवर आवाज चढवून चढवून त्यांचा गळा असा तयार झालाय, की ते त्यांच्या घरात चहा मागतात आणि माझी बायको सुनीता आमच्या घरात आधण ठेवते. बोलण्याची हौस तर विचारू नका. एक गोष्ट सुरू केली की तिच्या पोटातून दुसरी निघते आणि पहिली कुठे राहिली हे ऐकणाऱ्याने लक्षात ठेवायचं असतं.

त्यात एक खोड. बोलता बोलता मध्येच थांबून ते विचारतात, "हाय ना?" म्हणजे, आहेस ना? फोनवर विचारलं तर समजू शकतो. काका समोर बसलेल्या माणसालाही विचारतात, आणि विचारताना मान वळवून मागे बघतात. दाताच्या डॉक्टरने एकदा त्यांच्या तोंडात बोटं घातली होती, तर तशाही अवस्थेत काकांनी "हाय ना?" केलंच. डॉक्टर म्हणाले, "मी कुठे जाणार काका, माझी बोटं तुमच्या तोंडात आहेत." आपण लगेच "हाव", म्हणजे हो, म्हणायचं, की गाडी पुढे सरकते. "हाव" आलं नाही तर काका अस्वस्थ होतात आणि उठून बघायला येतात. आमच्या गल्लीतल्या लोकांना "हाव" म्हणायची इतकी सवय झालीय, की काका नुसते खोकले तरी दोन घरांतून "हाव" येतं.

तर अशा माणसाजवळ मी भिंतीवरून बोलून गेलो, की मला नवी मोटारसायकल घ्यायचीय.

मी बियाण्यांच्या कंपनीत फिरतीवर आहे. नांदुऱ्यापासून संग्रामपूरपर्यंत शेतकऱ्यांच्या वावरात जायचं काम. निम्मे रस्ते मुरमाचे आणि उरलेले निम्मे 'होऊ घातलेले', म्हणजे गिट्टी पसरून ठेवलेले. माझ्या जुन्या गाडीने कमरेचा पार भुगा केला होता. शिवाय सुनीताची इच्छा होती, की रविवारी कधी लोणार, कधी सातपुड्याच्या पायथ्याशी असं दोघांनी फिरून यावं. म्हणून मी मध्यम ताकदीची, आरामात बसता येईल आणि गिट्टीवर घाबरणार नाही अशी गाडी शोधत होतो. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून मी एव्हाना असा तज्ज्ञ झालो होतो, की ऑफिसात कुणी नुसतं पंक्चर म्हटलं तरी मी सस्पेन्शनवर बोलायला लागायचो.

"माह्याबिगर गाडी घेतली त तुह्या घरचं पानी पिनार नाई," काका म्हणाले.

"काका, यात टॉर्क बघावा लागतो..."

"थो टार्क-फार्क तू पाह्य. मांगचं मी पाह्यतो."

मांगचं म्हणजे काय, ते सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. ती गोष्ट काका स्वतःच रंगवून सांगतात. वडनेर भोलजीला लग्न होतं. काका आणि द्वारकाकाकू मोटारसायकलवरून निघाले. रस्त्याचं काम चालू होतं, गिट्टी पसरलेली. काका जिनिंगमधल्या कुठल्याशा भांडणाची गोष्ट सांगत होते. गिट्टीत गाडी उडाली, आडव्या बसलेल्या काकू मागच्या मागे खाली पडल्या आणि काका गोष्ट सांगत वडनेरला पोचले. मांडवासमोर गाडी थांबवून म्हणाले, "उतर वं." मागे कुणीच नाही. लोक म्हणाले, गुलाबराव, कोनाले उतरवून राह्यले? इथे काका स्वतः इतकं हसतात, की डोळे पुसावे लागतात.

काकांची गोष्ट इथे संपते. पुढचं मला सुनीताकडून कळलं आणि तिला काकूंनी सांगितलं होतं. काकू दूधवाल्याच्या रिक्षातून लग्नाला पोचल्या, अक्षता टाकल्या, जेवल्या आणि घरी आल्यावर कळलं, की खुब्याचं हाड मोडलंय. त्या कितीतरी महिने अंथरुणावर होत्या. तेव्हा भाकरी, भांडी, वेणीफणी सगळं काकांनी केलं. काकू उठून चालायला लागल्या तेव्हा काकांनी आपली मोटारसायकल विकून टाकली आणि पुन्हा हँडलला हात लावला नाही. काकूही त्यानंतर दुचाकीवर बसल्या नाहीत. काकांच्या त्या न थांबलेल्या गोष्टीवर त्यांचं एवढंच म्हणणं होतं, "माह्यापरीस गोठ मोठी होती."

आता अडचण अशी होती, की काकूंची मोठी बहीण, त्यांची अक्का, सोनाळ्याजवळ संत्र्याच्या बागेत राहते. म्हातारीला दिसेनासं झालंय, तिच्याने घर सोडवत नाही. एसटी फाट्यावर सोडते, पण तिथून बागेपर्यंत दोन्हीकडे कुंपण असलेली अरुंद पांदण आहे. चारचाकी आत शिरत नाही आणि मोडलेल्या खुब्याने काकूंना तेवढं चालवत नाही. मागे भाच्याने छोट्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून नेलं होतं, संत्र्याच्या क्रेटवर. काकूंनी तिथेच जाहीर केलं, की पुन्हा या बैठकीत येणार नाही. अक्का मात्र फोनवर रोज एकच विचारायची, "द्वारके, कधी येतं?" काकू म्हणायच्या, "येतो ना."

काकांच्या शोरूमच्या फेऱ्यांचं मूळ हे होतं. त्यांना जगात एक अशी मागची सीट हवी होती, जिच्यावर द्वारका बसेल.

माझी पहिली पसंती होती एक भक्कम, जुन्या घाटाची गाडी. काका बसले, एक चक्कर मारून आले आणि उतरताना म्हणाले, "इंजिन चांगलं असन बाप्पा. पन मांगच्या मानसाले यायनं खुटीवर टांगलं." दुसरी उंच, लांब पायांची, डोंगरदऱ्यांत जाणारी. तिच्यावर माझा जीव जडला होता. काकांना तिच्यावर चढवायला मी आणि सेल्समन लागलो. वर बसल्यावर त्यांचे पाय हवेत लोंबकळत होते आणि ज्वारीची पिशवी त्यांनी पोटाशी घट्ट धरली होती. "इचं सम्दं पुढच्यासाठी हाय," ते वरूनच ओरडले. "मांगचा मानूस म्हंजे इले सामान वाटते! हाय ना?"

"हाव," सगळं शोरूम म्हणालं.

मी चिडलो होतो, खोटं कशाला बोलू. गाडी माझी, कर्ज माझं, कंबर माझी आणि निकाल लावणार ही मिशाळ नवरी! सेल्समन मोबाइलवर आमचा फोटो काढत होता. सुनीताला घरी येऊन म्हटलं, की उद्या मी एकटाच जाऊन उंच गाडी बुक करतो. ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "तुम्ही कधी आपल्या गाडीवर मागे बसलात?"

बसलो नव्हतो. तिच्या मागे बसण्याचा प्रश्नच नव्हता, कारण गाडी मीच चालवायचो. सुनीता म्हणाली, की खड्डा आला की ती श्वास धरून ठेवते आणि घर आलं की सोडते. इतक्या वर्षांत तिने हे सांगितलं नव्हतं आणि मला विचारायचं सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी काकांना घेऊनच निघालो. तिसरी गाडी दिसायला साधी होती. सीट रुंद आणि सपाट, मागे धरायला दांडी, पाय टेकायला पट्टी, सीट बेताच्या उंचीवर. काकांनी सेल्समनच्या मागे बसून गिट्टीवरून फेरी मारली. मग म्हणाले, तू बस मांगं, आडवा. मी सेल्समनच्या मागे बसलो. भर बाजारात, आडवा, मांडीवर ज्वारी घेऊन. ओळखीचे दोन शेतकरी नमस्कार करून गेले. पण गिट्टीवर गाडी गेली तेव्हा माझ्या कमरेने तक्रार केली नाही आणि हात आपोआप दांडीवर गेला. उतरलो तर काका माझ्या तोंडाकडे परीक्षेचा निकाल लागणार असल्यासारखे बघत होते.

"घेऊ हीच," मी म्हटलं.

काकांनी पहिल्यांदा शोरूममध्ये आवाज खाली आणला. "बसन ना रे थे इच्यावर?"

पुढच्या रविवारी आम्ही सोनाळ्याला निघालो. काकू एसटीने. मी आणि काका गाडीवर. काका मागे आडवेच बसले, मांडीवर तीच पिशवी, या वेळी अक्कासाठी. बेत असा होता, की फाट्यावरून मी काकूंना मागे बसवून हळूहळू बागेपर्यंत न्यायचं. एसटीतून काकू उतरल्या. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, सीट हाताने दाबून पाहिली, दांडी हलवून पाहिली. काका दुपट्ट्याने तोंड पुसत उभे होते.

"चांगली हाय," काकू म्हणाल्या. "पन मी याच्या मांगं नाई बसनार."

"काऊन वं? थो चांगला चालवते," काका घाईने म्हणाले.

"ज्याच्या मांगून पडली त्याच्याच मांगं बसीन. नाई त एसटी हाय वापस जायाले."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी चावी पुढे केली. त्यांनी हात पायजम्याला पुसून ती घेतली. खरं सांगायचं तर गाडीचा नंबरसुद्धा अजून आला नव्हता. काका बसले. काकू मागे चढल्या, आडव्या, पदर कमरेला खोचून, पिशवी मांडीवर. काकांनी पहिला गिअर टाकला आणि गाडी पांदणीत शिरली.

गाडी इतकी हळू चालली होती, की मी मागून पायीच निघालो. काही झालंच तर धरायला बरं, हे मनात. पायाखाली मुरूम करकरत होता, दोन्हीकडे संत्र्याची झाडं. मला वाटलं, आता काका बोलायला लागतील. जिनिंग, काटा, भांडणं, काहीतरी. काका एक शब्द बोलले नाहीत. मान ताठ, नजर चाकासमोरच्या वीतभर जागेवर. मी त्यांना इतकं गप्प कधी पाहिलं नव्हतं. आणि ते सारखं "हाय ना?" विचारून मागे कुणाला बघतात, ते मला तिथे, त्या मुरमावर चालताना कळलं. इतकी वर्षं आम्ही सगळे गमतीने "हाव" म्हणत होतो.

अर्ध्या वाटेत गिट्टीचा ढीग आला. काकांनी पाय टेकवत टेकवत गाडी बाजूने काढली. तरीही आवाज नाही. तेव्हा काकू पुढे वाकल्या आणि त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हणाल्या, "अवो, बोलून नाई राह्यले. हाय ना?"

गाडी जराशी डगमगली आणि सावरली.

"हाव," काका म्हणाले. आवाज अगदी बारीक होता. मग पुन्हा म्हणाले, "हाव. हाय ना मी."

"मंग सांगा थे गोठ. थे जिनिंगची. अर्धीच आयकली होती म्या."

काकांनी घसा खाकरला आणि गोष्ट सुरू केली. थोड्याच वेळात त्यांचा तो जुना, यंत्रांवर चढणारा आवाज साऱ्या बागेत ऐकू यायला लागला आणि दर दोन वाक्यांनी मागून काकूंचा "हाव" येत होता. मी थांबलो. गाडी माझीच होती, पण तिच्यामागे चालायचं आता काही कारण नव्हतं. मला काकांचे फार आभार मानायचे होते, माझ्या कमरेसाठी, सुनीतासाठी, सगळ्यासाठी. पण ते बोलत होते आणि मध्ये तोंड घालायची सोय नव्हती. मी एका संत्र्याच्या सावलीत बसलो आणि सुनीताला फोन लावला. तिने उचलल्यावर काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी विचारलं, "हाय ना?"

ती हसली. म्हणाली, "हाव."