धरणातली ओहोटी

मार्तंडमामा घोरू लागले की विष्णुपंतांच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात तांब्यावरचं फुलपात्र वाजू लागे. नगरचा उन्हाळा सोसवत नाही म्हणून मामा, मामी आणि त्यांची मुलं चार दिवसांसाठी भंडारदऱ्याला आली, आणि धरणावरची हवा इतकी मानवली की परतायचं नाव कुणी काढेना. अंबिका डब्यांच्या फळीखाली निजायची आणि विष्णुपंत ओसरीवर, मामांच्या मुलांच्या लाथा खात. दोघांच्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं.

एका सकाळी कणीक मळता मळता अंबिकेनं सांगून टाकलं, "मला एक रात्र स्वस्थ झोपू द्या. नाहीतर मी सोमवारच्या मोटारीनं माहेरी जामखेडला जाते. मामी निघाल्या की कळवा."

विष्णुपंतांना मनापासून वाईट वाटलं. मग पोळ्या कोण लाटणार हेही आठवलं आणि आणखी वाईट वाटलं.

ते पाटबंधाऱ्याच्या कचेरीत हेडक्लार्क. कचेरीची एक सपाट बुडाची, शिडाची नाव होती, आणि त्यांच्याकडे नौकानयनाचं पुस्तक होतं. लढाई संपून विलायतेला निघालेल्या एका गोऱ्या कप्तानाच्या सामानाच्या लिलावात ते त्यांनी नगरच्या छावणीतून आणलं होतं. तेव्हापासून ते स्वतःला अर्धे कप्तान समजत.

"बेटाच्या आडोशाला नांगर टाकू आणि नावेतच झोपू," ते म्हणाले. "मामांना नाव लागते. नुसती हलली तरी पोटात ढवळतं त्यांच्या. ते काही मागे येत नाहीत."

शनिवारी दुपारी विष्णुपंतांनी हातातली कामं भराभर उरकली, समोर आले त्या कागदांवर सह्या ठोकल्या आणि उन्हं कलताना नाव हाकारली. पहिला मुक्काम त्यांनी बेटाच्या पश्चिमेला ठरवला, सूर्यास्त दिसावा म्हणून. सूर्यास्त दिसला. मग वारा सुटला आणि नाव सुपातल्या दाण्यांसारखं दोघांना पाखडू लागली.

"वाऱ्याच्या आड गेलो तर?" अंबिकेनं विचारलं.

"पुस्तकात तेच आहे. मी तुझी परीक्षा बघत होतो."

दुसऱ्या बेटाशी तळाला खडक निघाला. नांगर टिकेना, नाव दगडावर धडका देऊ लागली. तिसरी जागा डासांनी आधीच घेतलेली होती. अंबिकेनं पदर डोक्यावरून घट्ट ओढला आणि सोमवारच्या मोटारीची वेळ विचारली.

अखेर एक बेट आणि काठ यांच्यामध्ये त्यांना चिंचोळी पट्टी सापडली. पाणी गुडघाभर आणि आरशासारखं निश्चल. तळाला चिखल, त्यात नांगर असा रुतला की हलेना. विष्णुपंतांनी कंदिलापाशी पुस्तक धरलं. "वारा नाही, खडक नाही, नांगर पक्का. पुढं भरती-ओहोटीवर एक अख्खं प्रकरण आहे." त्यांनी पानं उलटली. "धरणाला कसली आलीय ओहोटी?"

झोप अशी लागली की सांगता सोय नाही. उन्हं तोंडावर आल्यावरच विष्णुपंत जागे झाले.

"बघितलंस? एवढीसुद्धा हलली नाही," ते अभिमानानं म्हणाले आणि तोंड धुवायला वाकले. हात थेट चिखलात गेला.

नाव कोरड्या गाळावर बसली होती. कालचं बेट काठाला जोडलं गेलं होतं आणि मधून चांगली पायवाट पडली होती. काठावर धरणाच्या मोरीची दारं सांभाळणारा गोरक्षनाथ उभा होता.

"रावसाहेब, पानी उतरलंय लई. पिकांसाठनं उन्हाळी आवर्तन कालपास्नं सोडलंय न्हवं?"

"कुणी सांगितलं सोडायला?"

"तुमचीच सही हाय की कागदावर. 'विनाविलंब' लिवलंय, म्हनून सांजच्यालाच दार उघडलं."

विष्णुपंतांनी पुस्तक मिटलं. अंबिका खळखळून हसली. पाहुणे आल्यापासून ते हसू त्यांनी ऐकलं नव्हतं आणि ऐकून त्यांना फार बरं वाटलं.

तेवढ्यात गोरक्षनाथाच्या मागून धोतर खोचून, वहाणा हातात घेऊन मार्तंडमामा आले. मागे मामी, मुलं आणि चहाची किटली. "विष्णू, सकाळी घरात चहाला कुणी नाही म्हणून शोधत आलो." मामांनी नावेत एक पाय ठेवला, मग दुसरा. मग आश्चर्यानं बसले. "अरे, ही हलत कशी नाही? आणि वारा काय गार आहे."

विष्णुपंतांचा चेहरा पडला. एवढी बेटं पालथी घालून निवडलेली जागा, आणि मामा तिथं चालत आले होते. मामींनी तर मुलांना नावेतल्या गादीवर निजवलंसुद्धा.

अंबिकेनं मात्र पदर खोचला. "मामा, तुम्ही इथंच राहा की. मी दोन्ही वेळचा डबा पाठवते. अंथरूण तयारच आहे."

"तुमची गैरसोय नको व्हायला," असं म्हणत मामा आडवे झाले.

विष्णुपंत चिखल तुडवत तिच्यामागून काठावर आले. मग त्यांना एकदम रिकामं घर दिसलं, रिकामी ओसरी, आणि त्यांचा चालण्याचा वेग वाढला.

"रावसाहेब," गोरक्षनाथ मागून म्हणाला, "दार बंद करू का? न्हाईतर नाव आनखी रुतंल. पाऊस पडंस्तवर निघायची न्हाई."

विष्णुपंतांनी अंबिकेकडे पाहिलं. ती पायाच्या अंगठ्यानं चिखल कोरत होती.

"छे, छे," विष्णुपंत गंभीरपणे म्हणाले. "खाली लोकांची पिकं उभी आहेत. त्यांचा विचार नको करायला?"