समोरचा टॉवर आणि घरातली काच

टॉवर हलवायचाच, असं मी ठरवलं ते नातीसाठी.

समोरच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर उभा राहिला आणि लेकीनं फोनवर सांगून टाकलं, "बाबा, त्या लहरी बाळाला बाधतात. टॉवर असेपर्यंत मी तिला आणणार नाही." नातीचं तोंड मी अजून फोटोतच पाहिलेलं. मी शाळेत फार टिकलो नाही, पण जन्मभर खिडक्यांना काचा बसवल्या. कुठून काय आत येतं, ते मला कोणी शिकवू नये.

दूरसंचार खात्याच्या कचेरीत अर्ज केला. उत्तर नाही. मग रोज कचेरीत जाऊन बाकावर बसलो. (बोललो काही नाही. नुसता बघत बसलो. माझ्या बघण्यानं माणसं कामाला लागतात. बायको सोडून.) शेवटी कंटाळून त्यांनी एक तपासनीस बाई लहरी मोजायचा मीटर देऊन पाठवली.

तिनं मीटर खिडकीशी धरला. "काका, मर्यादेच्या खूप आत आहे."

"नीट धरा."

तिनं हात बाहेर काढून धरला. आकडा ढिम्म.

"झोपलाय तुमचा मीटर," मी म्हणालो.

"अहो, त्यांना घोटभर चहा तरी घेऊ द्या," बायको आतून म्हणाली आणि तिनं सकाळचा चहा मायक्रोवेव्हमध्ये ठेवला. तोच मीटर किंचाळायला लागला.

"बघा!" मी गरजलो. "आता टॉवर जागा झाला!"

बाई टॉवरकडे न बघता मीटर पुढे धरून स्वयंपाकघरात शिरली. "काकू, आधी बंद करा ते! याच्या दारातली जाळी कुठे गेली?"

"तो भोकाभोकांचा पत्रा?" मी अभिमानानं म्हणालो. "दाराची काच तडकली, तेव्हा नवी बसवताना मीच काढून फेकला. आतलं धड दिसत नव्हतं. आता बघा, काच आहे की नाही कळतसुद्धा नाही."

"लहरींनाही कळत नाही, काका. त्यांना आत धरायलाच ती जाळी असते."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. (तसं बघायला मी तिच्याकडूनच शिकलो.) मग तिनं लेकीला फोन लावला. "ये गं बाळाला घेऊन. धोका सापडला. टॉवर नव्हता."

"मग काय होतं?"

"तुझे बाबा."

मायक्रोवेव्ह भंगारात गेला. नात आली. खिडकीत बसून टॉवरकडे बघून खुदकन हसते. टॉवरला सरकारनं मर्यादा घातली आहे. मला बायकोनं घातली: हातात स्क्रूड्रायव्हर असेल, तर नातीपासून दोन खोल्या लांब.