खालच्या कुरणातली वसुबारस

शैलजाबाईंनी कोरा चहा फुंकत जावयाला विचारलं, "सौमित्रराव, इथे गाय कुठे मिळेल?"

वायोमिंगमध्ये माणूस कुठे मिळेल असं विचारलं असतं, तर सौमित्रला थोडा विचार करावा लागला असता. गायी स्वयंपाकघराच्या खिडकीतूनच दिसत होत्या.

"किती हव्यात?" त्याने विचारलं.

"एकच. पण वासरासकट. आणि जरा शांत बघा."

वसुबारस होती. शैलजाबाई दिवाळीसाठी साताऱ्याहून धाकट्या लेकीकडे, सावनीकडे आल्या होत्या. आज त्यांना दूध, तूप, गहू, मूग सगळं वर्ज्य होतं, आणि संध्याकाळी गाय-वासराला ओवाळेपर्यंत त्या जेवणार नव्हत्या. मागच्या वर्षी अ‍ॅशबर्नला मोठ्या लेकीकडे असताना त्यांनी लॅपटॉपवरच्या गायीला ओवाळलं होतं. निरांजनाच्या धुराने अलार्म वाजला, अग्निशमन दलाची गाडी आली आणि उपास चार भारदस्त माणसांच्या साक्षीने सुटला. यंदा त्यांना खरी गाय हवी होती.

सौमित्रने हो म्हटलं. जावयाने सासूला नाही कसं म्हणायचं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

आता त्या गायींबद्दल. सौमित्र विद्यापीठात पीएचडी करत होता आणि त्याचं सगळं संशोधन वॉल्ट नावाच्या एका म्हाताऱ्या रँचवाल्याच्या खालच्या कुरणावर उभं होतं. डोंगरातून उतरणारी प्रॉन्गहॉर्न, म्हणजे हरणासारखी, फाट्या शिंगांची जनावरं, थंडीआधी त्या गवतावर थांबायची. वॉल्टने तिथे आपल्या गायी चरू द्यायच्या नाहीत, असा एका योजनेचा करार होता. त्या बदल्यात त्याला वन्यजीव क्रेडिटं, म्हणजे जनावरांसाठी गवत राखल्याची प्रमाणपत्रं, मिळायची, ती दूरच्या शहरांतल्या कंपन्या विकत घ्यायच्या, आणि त्यावर कुरण, ओढा, हरणं आणि सौमित्र असे सगळे जगायचे. खांबाखांबावर कॅमेरे होते. काही हललं की फोटो, आणि फोटो थेट योजनेच्या कार्यालयात.

एक गाय जरी त्या कुरणात चरली, तरी हंगामाची सगळी क्रेडिटं रद्द.

योजनेचं पहिलंच वर्ष होतं. वॉल्टने हरणांना भाडेकरू ठेवलंय म्हणून आजूबाजूचे रँचवाले हसत होते. हे कुरण बाद झालं असतं तर दुसरा कुणी पुढे आला नसता, आणि सौमित्रच्या प्रबंधात फक्त प्रस्तावना उरली असती.

त्याने वॉल्टला फोन करून परवानगी मागितली.

"तिला करणार काय नक्की?" वॉल्टने विचारलं.

"ओवाळणार, पाया पडणार आणि खाऊ घालणार."

वॉल्ट म्हणाला की यातलं पहिलं त्याच्यासाठीसुद्धा कधी कुणी केलं नाही, तेव्हा खुशाल करा. तो स्वतः गावात जाणार होता. फक्त वरच्या कुरणाचं फाटक उघडू नका, एवढंच.

संध्याकाळी तिघं निघाली. गाडी रस्त्याकडेला लावली, खालचं कुरण पायी ओलांडलं, पायी जायला हरकत नव्हती, आणि पूर्वेच्या टोकाला फाटकापाशी पोचली. पलीकडे वरचं कुरण, त्यात वॉल्टच्या गायी. सगळ्या काळ्याभोर. सौमित्रला ओढ्याकडच्या कॅमेऱ्याची बॅटरी बदलायची होती. पूजा अलीकडूनच, हे त्याने सावनीला दोनदा बजावलं. सावनी फोनवर फ्रीमाँटच्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती, म्यूटवर. तिने अंगठा दाखवला.

पुढचं फाटकावरच्या कॅमेऱ्याने पाहिलं.

फोटो. फाटक बंद. हिरव्या साडीवर पफर जॅकेट, डोक्याला मफलर, पायात जावयाचे बूट घातलेली एक बाई. हातात ताट: निरांजन, हळदकुंकू, बाजरीची भाकरी, गूळ. तारेपलीकडे एक काळी गाय, तिच्या पोटाशी वासरू.

फोटो. बाई तारेतून हात घालून गायीच्या पायावर पाणी सोडायचा प्रयत्न करतेय. पाणी बुटावर.

फोटो. फाटक उघडं.

या दोन फोटोंच्या मध्ये शैलजाबाई म्हणाल्या होत्या, "गायीला काय तुरुंगात भेटायला आल्यासारखं ओवाळायचं?" सावनी म्हणाली होती, "आई, वन मिनिट, माझा अपडेट आहे." आणि साखळीचा आकडा निघाला होता. एकाच गायीला आत घ्यायचं आणि लगेच लावायचं, असा शैलजाबाईंचा सरळ हिशेब होता.

फोटो. गाय आत. वासरू आत.

फोटो. दुसरी गाय. तिसरीचं तोंड.

फोटो. गायी.

फोटो. नुसत्या गायी. कोपऱ्यात फोन धरलेला एक हात.

थंडीत वॉल्ट या गायींना बादलीतून पेंड घालायचा. माणसाच्या हातात भांडं दिसलं की खाणं आलं, हे त्यांना वासरू असल्यापासून ठाऊक होतं. त्यात गुळाचा वास. शैलजाबाई एक पाऊल मागे सरकल्या, गायी दोन पावलं पुढे आल्या. त्या वळून चालू लागल्या, गायीही चालू लागल्या. त्या जराशा पळाल्या.

सावनी "आई, पळ" असं ओरडली तेव्हा म्यूट कधीच निघालेला होता. फ्रीमाँटच्या आख्ख्या टीमने ते ऐकलं. त्यातल्या एकट्या विनयला मराठी येत होती, आणि तो खुर्चीवरून उठून दरवाजाकडे निघाला.

सौमित्र ओढ्याकडून धावत आला तेव्हा संपूर्ण खालच्या कुरणातून एक मिरवणूक रस्त्याच्या दिशेने चालली होती. पुढे सासूबाई, ताट डोक्याच्याही वर धरलेलं. मागे वॉल्टचा सगळा कळप.

"आई, ते ताट टाका खाली," तो धापा टाकत म्हणाला. "त्या ताटाच्या मागे लागल्यात."

"नैवेद्य मातीत टाकू? आज?"

"मग द्या ना कुणालाही."

"कुणाला? वासरू कुणाचं तेच कळेना आता. सगळ्यांना एकच रंग दिलाय."

सौमित्रच्या मनात बरंच काही आलं. स्वतःच्या आईला तो ते बोलला असता. पण ही सावनीची आई, सकाळपासून उपाशी, आणि पुढच्या खांबावरच्या कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकत होता. ओरडावं तर गायी बुजून कुरणभर पांगतील, आणि मग त्या गवतात उद्यापर्यंत राहतील. तो सासूबाईंच्या शेजारून चालू लागला आणि शक्य तितक्या आदराने म्हणाला,

"आई, एक विचारू? ओवाळताना आपलं तोंड पूर्वेला हवं ना?"

"हवंच."

"तुम्ही पश्चिमेला चाललाय."

शैलजाबाई थांबल्या. मावळतीकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच खरी काळजी दिसली. "अगंबाई, आधी सांगायचं नाही का?" म्हणत त्या वळल्या आणि थेट कळपातून, "सरक गं, सरक बाई" करत, फाटकाकडे निघाल्या. गायींनी वाट दिली आणि परत मागे लागल्या. वरच्या कुरणात थोडं आत गेल्यावर एक वासरू एका गायीच्या कासेला लुचलं आणि वासराच्या आईचा प्रश्न सुटला. शैलजाबाईंनी तिला ओवाळलं, पुढच्या खुरांवर पाणी घातलं, भाकरी-गूळ भरवला, वासराच्या कपाळाला कुंकू लावलं. बाकीच्यांनाही तुकडा तुकडा दिला. सौमित्रने फाटक लावलं, आकडा दोनदा ओढून पाहिला आणि फाटकाच्या खांबाला टेकून डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा समोर कॅमेरा होता. अगदी नाकासमोर.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉल्टचा फोन आला. योजनेच्या कार्यालयातून ग्रेटा येतेय, तूही ये, एवढंच तो बोलला. सौमित्रने आदल्या संध्याकाळीच त्याला सगळं सांगितलं होतं. वॉल्ट चिडला नव्हता. त्याने फक्त विचारलं होतं की गायी किती वेळ आत होत्या, आणि उत्तर ऐकून फोन ठेवला होता. चिडला असता तर बरं झालं असतं.

सावनीने आईला रात्री जेवताना सगळं समजावलं होतं. गाडीत शैलजाबाईंच्या मांडीवर शंकरपाळ्यांचा डबा होता. वॉल्टच्या स्वयंपाकघरात शिरल्यावर त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि कुणी काही बोलायच्या आत ग्रेटासमोर उभ्या राहिल्या.

"मिस्टेक माइन," त्या म्हणाल्या. "गेट ओपन, मी. ही गुड बॉय. ही टोल्ड नो."

ग्रेटा पन्नाशीची, बुटांना चिखल लागलेली बाई होती. तिने मान डोलावली, लॅपटॉप उघडला आणि फोटो पहिल्यापासून लावले. वॉल्ट खिडकीबाहेर बघत होता. तिथून नेमकं खालचं कुरण दिसत होतं. सौमित्र मनातल्या मनात आपल्या गाइडला पत्र लिहीत होता आणि पहिल्या वाक्यापुढे जात नव्हता.

ग्रेटा फोटो पुढे नेई, मागे आणी, मोठा करी. मग परत पुढे.

"वॉल्ट," ती शेवटी म्हणाली, "इकडे ये. यातली एक तरी गाय मला चरताना दाखव."

वॉल्टने चष्मा लावला. सौमित्रही वाकला.

फोटो. गायी, माना वर, नजर ताटाकडे.

फोटो. गायी, माना त्याहून वर.

फोटो. मावळतीच्या उजेडात आख्खा कळप, लग्नात मंगलाष्टकं चालू असताना पाहुणे स्टेजकडे बघतात तसा. गुडघाभर गवतात उभा, आणि गवताकडे एकीचंही लक्ष नाही.

"चरू द्यायचं नाही, असं करारात आहे," ग्रेटा म्हणाली. "या तर चालत येऊन चालत गेल्या. पण माझं फोटोवर भागत नाही. गवत बघू दे."

सगळे कुरणात गेले. ग्रेटा रस्त्याच्या बाजूपासून फाटकापर्यंत खुरांच्या ठशांवरून चालली. जागोजागी गुडघे टेकून गवताची पाती बोटांत धरून शेंडे तपासत होती. पाती वाकली होती, कुठे शेणाचा पो पडला होता. तुटलेलं, कुरतडलेलं काही सापडलं नाही. फाटकाशी पोचल्यावर ती उठली आणि गुडघे झटकले.

"तुडवल्याचं काय?" वॉल्टने स्वतःच विचारलं. तो माणूस इतका प्रामाणिक होता की सौमित्रला त्याचं तोंड दाबावंसं वाटलं.

"हरणंही तुडवतात," ग्रेटा म्हणाली. "क्रेडिटं कायम. मात्र या फाटकाला कुलूप बसव. आणि अहवालात कारण काय लिहू?"

सौमित्रने वसुबारस समजावून सांगितली. ग्रेटाने ती पूर्ण ऐकली आणि लिहिलं: स्थानिक कार्यक्रम.

सौमित्र तिथेच गवतात बसला. सावनी शेजारी बसली, आणि आपण म्यूटवर आहोत का ते पाहायची सवय लागल्यामुळे फोन काढून बघितला आणि मग हसत सुटली. शैलजाबाई ग्रेटाला शंकरपाळे देत होत्या आणि त्या फोटोंपैकी एक मिळेल का, साताऱ्याला पाठवायचाय, असं खुणांनी विचारत होत्या.

वॉल्ट मात्र फाटकाला टेकून अजून वरच्या कुरणाकडे बघत उभा होता. मग टोपी काढून तो सौमित्रकडे आला.

"परवा हा कळप मला पलीकडच्या हिवाळी कुरणात न्यायचाय," तो म्हणाला. "दर वर्षी चार घोडेस्वार लागतात, दोन कुत्री लागतात, दिवस मोडतो आणि तरी दोन-चार गायी झुडपांत शिरतात. तुझ्या सासूबाईंनी त्या पाऊण मैल नेल्या आणि पाऊण मैल परत आणल्या. एकीनेही वाट सोडली नाही." त्याने टोपी दुसऱ्या हातात घेतली. "त्यांना विचारशील का?"

सौमित्रने विचारलं. शैलजाबाईंनी शंकरपाळ्यांचा डबा बंद केला, वरच्या कुरणातल्या गायी एकदा नजरेने मोजल्या आणि लेकीकडे वळल्या.

"सावनी," त्या म्हणाल्या, "एवढ्या भाकऱ्या माझ्याने एकटीने होणार नाहीत. जावईबापूंना थापता येतात का गं?"